चावडीवर घेतलेलं नाव

हुलगेवाडीच्या चावडीच्या भिंतीला कागद चिकटवायची रीत १९४३ साली सुरू झाली. हुकूम वरून, निजाम सरकारकडून आला होता. शेतकऱ्याला विहिरीसाठी, बियाण्यासाठी सरकार जी इमदाद, म्हणजे मदत, देईल ती कुणाला दिली आणि किती दिली, याची यादी गावात चारचौघांना दिसेल अशा जागी लावावी. पटवाऱ्याने हुकूम पाळला. ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली, यादी भिंतीला डकवली आणि तुळजापूरला तहसिलीत कळवून टाकलं की यादी लावली.

यादी उर्दूत होती. गावात एकशे चाळीस उंबरे, आणि उर्दू वाचणारी माणसं तीन. एक पटवारी, दुसरे सारा-वसुलीचे माली पाटील हिंमतराव आणि तिसरा बलभीम शिंपी. पहिल्या दोघांना ती वाचायची गरज नव्हती. बलभीमचं मशीन हिंमतरावांच्याच ओसरीच्या टोकाला होतं, त्यामुळे त्यानेही कधी मान वर करून तिकडे पाहिलं नव्हतं. खळीच्या वासाने शेळ्या मात्र यायच्या. मागचे पाय रोवून, पुढचे भिंतीला लावून तोंड पोचेल तिथवरचा कागद खाऊन जायच्या. यादीची खालची बाजू आठ दिवसांवर टिकायची नाही.

रुद्रम्माची सून महादेवी रोज दोनदा त्या भिंतीपुढून जायची. तिच्या लेखी तो कागद म्हणजे भिंतीचाच एक पोपडा होता. त्या कागदावर तिच्या नवऱ्याचं नाव होतं, हे तिला पुढचे तीन महिने माहीत नव्हतं.

नवरा जाऊन तोवर दीड वर्ष झालं होतं. पटकीच्या साथीत, आषाढात, गावातली अकरा माणसं गेली, त्यात तो पाचवा. सकाळी पाभर घेऊन रानात गेला तो दुपारी गाडीत घालून आणावा लागला, आणि दिवस मावळायच्या आत संपला. मठाच्या जंगमाने विधी केले, रानाच्या कडेला समाधी दिली. मागे सात एकर जमीन राहिली. त्यातली चार एकर काळी, बाकी मुरमाड, आणि सगळी पावसावर. घरात सासू रुद्रम्मा, कंबर मोडल्यामुळे अंथरुणाला खिळलेली. एकुलती लेक मल्लम्मा अक्कलकोटकडे दिलेली.

महादेवी तेव्हा पस्तिशीची असेल. जमीन तिने अर्धलीने लावली. तेवढ्यावर भागत नसे, म्हणून ती ज्वारीच्या कडक भाकरी करायची, वर तीळ लावून, काचेसारख्या पातळ, महिनाभर टिकतील अशा. त्यांची चळत फडक्यात बांधून दर बाजाराला नळदुर्गला न्यायची. तिच्या भाकरीला गिऱ्हाईक होतं. किल्ल्यापासच्या एका हॉटेलवाल्याने तिला एकदा सांगितलं होतं, "बाई, तुमची भाकर मोडली की आवाज येतो, दुसरीची मोडली की नुसता भुगा पडतो." आयुष्यात तिची झालेली एवढीच जाहीर स्तुती.

एक गोष्ट तिने कधी केली नव्हती. नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. यात विशेष काही नाही, लग्नातला उखाणा सोडला तर गावात कुठलीच बाई घेत नसे. पण महादेवीचं पाळणं जरा कडक होतं, तिने उखाण्यातही घेतलं नव्हतं. नवऱ्याचं नाव महांतप्पा, आणि गावच्या मठात महांतस्वामी म्हणून वृद्ध स्वामी होते. तिने त्यांनाही कधी त्या नावाने ओळखलं नाही, "मठातले अज्जा" म्हणायची. नवऱ्याला "मल्लीचे अप्पा". कुणी परक्याने नाव विचारलंच तर पूर्वी लहान मल्लम्मा सांगायची, तिचं लग्न झाल्यावर सासू सांगायची, दोघी नसल्या तर वाटेवरचं कुणीही सांगायचं. नाव घेतलं की माणसाचं आयुष्य उणं होतं, असं बायका म्हणत. माणूस गेल्यावर उणं व्हायला काही उरलं नाही, तरी तिचं तोंड उघडलं नाही. त्याच्यासाठी करता येण्यासारखं तेवढं एकच राहिलं होतं.

१९४४ च्या पौषात लेव्हीचे आकडे फुटले. लढाईचे दिवस होते, सरकार ज्वारी गोळा करत होतं. ज्याचं जसं रान तसा त्याचा आकडा. महादेवीचा आदल्या साली दीड पोतं होता. या साली चार निघाला. सगळ्या रानात मिळून सात पोती होणार, त्यातली निम्मी अर्धलीवाल्याची. सरकारला चार द्यायची तर दुसऱ्याकडून आणून द्यायला हवी होती.

ती चावडीवर गेली. पटवारी जाजमावर बसला होता, आजूबाजूला पाचसहा माणसं.

"पटवारीसाब, आमचा आकडा चुकला बगा. दीड असतंय आमचं."

"दीड कोरडवाहूचं. आता तुमचं बागायत आहे."

"कशानं?"

"विहिरीनं."

"कुणाच्या विहिरीनं?"

पटवाऱ्याने कान खाजवला. "तुमच्या रानातली विहीर, आणि मला विचारता कुणाची?"

माणसं हसली. कोंडाबाई म्हणून एक म्हातारी तपकीर ओढत पायरीवर बसली होती, ती म्हणाली, "अगं, हाय म्हंत्यात तर असंल. पोहरा घेऊन जा की उद्या."

पुन्हा हसणं झालं. महादेवी हसली नाही, भांडलीही नाही. पटवाऱ्याने लिहिताना दुसऱ्याचा आकडा आपल्या नावापुढे टाकला, अशी तिची समजूत झाली. चूक आहे तर कागद बघून निघेल, म्हणून ती पायऱ्या उतरून बलभीम शिंप्याकडे गेली.

बलभीम पन्नाशीचा, विधुर, एका पायाने किंचित लंगडा. तरुणपणी हैदराबादेत शेरवान्या शिवायच्या दुकानात सहा वर्षं होता, तिथे गिऱ्हाइकांची मापं लिहून घ्यायला म्हणून उर्दू शिकला. तो आधी नाहीच म्हणाला. मग भरदुपारी, पाटील जेवायला आत गेलेत असं बघून, भिंतीपाशी आला. खालचा भाग शेळ्यांनी खाल्ला होता. वरची बारा नावं शाबूत होती.

"विहिरीची इमदाद. गाव हुलगेवाडी," तो पुटपुटत वाचू लागला. पहिलं नाव पाटलांच्या मेव्हण्याचं. तिसरंही त्याचंच, फक्त बापाचं नाव फिरवलेलं. पाचवा माणूस चार वर्षांपूर्वी सोलापूरच्या गिरणीत गेला तो परत आला नव्हता. सातव्या नावावर बलभीम थांबला.

"महांतप्पा वल्द रेवणप्पा," तो म्हणाला. "सव्वाशे रुपये, हाली शिक्का. रोख."

महादेवीने पदर पुढे ओढला.

"तारीख त्याच सालच्या दिवाळीच्या पुढची हाय, बाई. म्हंजे मल्लम्माचे अप्पा आषाढात गेले, आन् चार म्हैन्यांनी येऊन पैसे घेऊन गेले."

"आन् हिर?"

"पैसं दिलं म्हंजे हिर झाली. हिर झाली म्हंजे बागायत. बागायत म्हंजे चार पोती. वरून खालपतुर सरळ शिवण हाय."

वरच्या कोपऱ्यात आणखी दोन ओळी होत्या. कुणाला उजर असेल, म्हणजे हरकत असेल, तर गिरदावर, म्हणजे पटवाऱ्यांवरचा तपासणी अंमलदार, अमुक तारखेला चावडीवर यादी वाचील तेव्हा समक्ष सांगावी. त्यानंतर ऐकली जाणार नाही. बलभीमने बोटांवर मोजलं. चार दिवस राहिले होते.

"आन् म्या वाचलं हे कुणाला सांगू नका," तो म्हणाला. सांगायची गरजही नव्हती. भरदुपारी शिंपी चावडीच्या भिंतीला नाक लावून उभा राहिला, हे एकशे चाळीस घरांच्या गावात सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी महादेवी रानात गेली तेव्हा काळ्या तुकड्याच्या कोपऱ्यात, शेंगांनी लगडलेल्या तुरीत, सहा माणसं खणत होती. तूर उपटून एका बाजूला टाकली होती. बांधावर हिंमतराव पाटील छत्री टेकून उभे होते.

"हे वो काय, पाटील?"

"तुझंच काम चाललंय. काल चावडीवर विचारत होतीस ना, कुठाय विहीर म्हणून? आज बघ."

"ह्या हंगामात? तूर उभी हाय!"

"तूर काय, पुढच्या सालीबी येती. सरकार काय पुन्हा पुन्हा विहीर देतंय का? लोक पाया पडून मागत्यात, तुला न मागता मिळाली."

"पाणी लागंल का हितं?"

"ते देवाच्या हाती," पाटील म्हणाले, आणि खणणाऱ्यांपैकी दोघं फिसकन हसले.

माणसं पाटलांचे सालगडी होते. दोन दिवस खणलं. पुरुषभर खोल गेल्यावर खडक लागला, तसे ते फावडी खांद्यावर टाकून गेले. वर काढलेले दगड आणि मुरूम त्यांनी उरलेल्या काळ्या मातीवर पसरून टाकला होता.

रुद्रम्माने अंथरुणातून सगळं ऐकून घेतलं. ती कमी बोलणारी म्हातारी होती. बोलताना अर्धं कानडीत जायची, पण त्या दिवशी मराठीतच बोलली. बलभीमला तिने घरी बोलावलं.

"माजं लेकरू हाय ते, म्याच नाव घेतलं असतं," ती म्हणाली. "पन माजी कंबर ही अशी. हिच्या तोंडून न्हाय निघायचं ते. उभी ऱ्हाईल, न्हाय पावलं म्हनंल, पन कुनाचं म्हून इचारलं तर गप बसंल. तू एवडं कर. नाव तू घे."

"घेईन की, अज्जी. नाव घ्यायला काय लागतंय, जीभ उचलायची."

"नुसतं नाव. बाकीचं ती बोलंल."

"घेतो म्हटलं ना."

बलभीम खोटं बोलत नव्हता. त्या वेळी त्याला ते खरोखर सोपं वाटलं असावं.

ठरल्या दिवशी गिरदावर घोड्यावरून आला. फेज टोपी, अंगात ताप, दर घटकेला पाणी मागणारा. त्या एका दिवसात त्याला तीन गावं उरकायची होती. पाटलांनी लोड दिला, पटवाऱ्याने कागद दिले. गिरदावरबरोबर आलेला चपराशी एकेक नाव पुकारू लागला. गावची पद्धत अशी होती की पुकारलेला माणूस हजर नसेल तर त्याच्या वतीने कुणीही "पावलं", म्हणजे मिळालं, म्हणायचं. मठाच्या प्रसादालाही तसंच, पाटाच्या पाण्याच्या पाळीलाही तसंच. गावात त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. शेजारधर्म होता तो. म्हणून पाटलांच्या मेव्हण्याचं नाव दोनदा आलं आणि दोनदा दोन वेगळ्या तोंडांनी "पावलं" आलं. सोलापूरला गेलेल्याचं पावलं. त्याच्या पुढच्याचं पावलं.

"महांतप्पा वल्द रेवणप्पा!"

"पावलं," पाटलांचा गडी म्हणाला.

"न्हाय पावलं," खांबाच्या आडून महादेवी म्हणाली.

चावडी वळून बघू लागली. गिरदावरने डोळे उघडले. "कौन है?"

"रुद्रम्माची सून हाय म्या. आमच्या मल्लीच्या अप्पांचं हाय ते. त्यास्नी काय पावलं न्हाय."

चपराश्याने हे उर्दूत सांगितलं. गिरदावरने यादी वरून खाली पाहिली. "इसमें मल्ली का बाप कोई नहीं. मर्द का नाम बोल, माँ."

तिने पदर दातांत धरला.

"त्यो मनतोय, ज्याचं नाव यादीत हाय त्याचं नाव घेऊन उजर सांगा," चपराशी म्हणाला. "नाव न्हाय तर उजर न्हाय."

महादेवीने बलभीमकडे पाहिलं. तो चावडीच्या कडेला उकिडवा बसला होता, पाटलांपासून चार हातांवर. पाटील त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते अडकित्त्याने सुपारी कातरत होते. बलभीम आपल्या बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काढत होता आणि घालत होता.

"बलभीमदादा," ती म्हणाली.

अंगुस्तान त्याच्या हातून निसटून फरशीवर गेलं. तो ते उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

चावडीवर त्या वेळी साठसत्तर माणसं होती. त्यातल्या प्रत्येकाला ते नाव ठाऊक होतं. अर्ध्या जणांनी त्या माणसाच्या समाधीवर माती टाकली होती. बाजारात, वाटेवर, दवाखान्यात एरवी कुणीही ते न विचारता सांगून टाकलं असतं.

"लिखो, कोई उजर नहीं," गिरदावर पेशकाराला, आपल्या कारकुनाला, म्हणाला.

"महांतप्पा," महादेवी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. कोंडाबाईने "शिव शिव!" म्हणून कानावर हात ठेवले. मागे उभ्या असलेल्या दोन बायकांनी तोंडं भिंतीकडे फिरवली.

"महांतप्पा रेवणप्पा. माजं मालक. पटकीच्या साली आषाढात मेले. कागूद दिवाळीनंतरचा हाय. मेलेल्या मानसानं पैसं कसं घेतलं, आन् हिर परवा पाटलांच्या गड्यांनी कशी खनली, हे इचारा."

एवढं बोलून ती खाली बसली. 

गिरदावर माणूस वाईट नव्हता. अंगात ताप असताना तो रानात गेला, खड्डा बघितला, आत खडा टाकला. खडा कोरडा वाजला. मग पाटलांना विचारलं. पाटलांनी सुपारी दुसऱ्या गालात सरकवली आणि शांतपणे सांगितलं की काम अधुरं राहिलं खरं. माणूस मेला, पुढे कुणी केलंच नाही.

"और पैसा किसने लिया?"

"मेल्यावर दिलाय म्हणता, तर वारसानंच घेतला असणार, साहेब. आणखी कोण घेणार?"

घरी रुद्रम्मा वाट बघत होती. चावडीवरची गोष्ट तिला सुनेच्या आधी पोचली होती.

"तूच घेतलंस?"

"व्हय, अव्वा."

"बापाच्या नावासकट?"

"व्हय."

म्हातारीने तोंड भिंतीकडे केलं. रागावली असं नाही. पण त्या दिवशी जेवली नाही, आणि सुनेनेही आग्रह केला नाही.

निकाल चैत्रात आला. त्याचे दोन भाग होते. पहिला असा की सदर रानात विहीर नाही, अधुरा खड्डा आहे, सबब रान कोरडवाहू धरून लेव्ही पूर्ववत दीड पोतं. म्हणजे ती जिंकली. दुसरा असा की विहीर पुरी झाली नसल्याने सव्वाशे रुपयांची इमदाद परत घेण्यास पात्र आहे. मूळ इसम मयत. त्याची बेवा (विधवा) मुसम्मात महादेवी हिने खुद्द चावडीवर सर्वांसमक्ष नाव घेऊन आपण त्याची बायको असल्याचं कबूल केलं आहे. सबब वारस निश्चित. वसुली तिच्याकडून.

हा कागदही बलभीमनेच वाचला. यावेळी तो न बोलावता आला होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "वर अर्ज करता येतोय, धाराशिवला. म्या लिवून देतो. बिनपैशाचं."

"त्यात काय लिवावं लागंल?"

"सगळंच. कुनाची बायको, कवा मेले..."

"नगं," महादेवी म्हणाली. "तू उठ."

तिने लग्नातला चांदीचा कमरपट्टा नळदुर्गला विकला, आणि उरलेले पैसे दोन वर्षं भाकरीतून फेडले. त्या दोन वर्षांत तिची चळत वाढत गेली आणि हॉटेलवाल्याची तक्रार येऊ लागली की भाकर जाड होते आहे. यादीतल्या बाकी नावांवर कुणी उजर केला नाही. जिने केला तिचं काय झालं हे सगळ्यांना दिसलं होतं, आणि या एका बाबतीत सरकारची जाहीर करण्याची व्यवस्था गावात चांगली पोचली. पुढच्या साली वेळेवर नवी यादी लागली. नव्या खळीने.

कोपऱ्यातला खड्डा तसाच राहिला. बुजवायला मजुरी नव्हती. पावसाळ्यात त्यात गढूळ पाणी साचायचं, दिवाळीपर्यंत आटायचं. गावच्या बायका पाण्याला जाताना महादेवीशी बोलायच्या, मीठ-मिरची देणं-घेणंही होतं, पण लग्नघरी रुखवताच्या गप्पा सुरू झाल्या आणि उखाण्यात नाव घ्यायचा विषय निघाला की तिला बघून तो हळूच बदलायच्या. रुद्रम्मा ४६ साली गेली. बलभीम पाटलांच्या ओसरीवरून उठून मठापाशी बसू लागला, तेही बऱ्याच उशिरा, रझाकारांच्या धामधुमीत पाटील सोलापूरला जाऊन राहिले तेव्हा.

मग पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. १९४९ च्या उन्हाळ्यात चावडीच्या त्याच भिंतीला बियाण्याच्या मदतीची यादी लागली. यावेळी मराठीत, ठसठशीत अक्षरात. नवा तलाठी तरुण होता, बार्शीकडचा. लोकांनी वाचावी म्हणून तो स्वतः यादीपाशी उभा राहिला आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवू लागला. माणसं आनंदाने येत होती. आपलं नाव आहे का, हे विचारत होती.

महादेवी डोक्यावर भाकरीचं फडकं घेऊन आली. तिने मदतीसाठी अर्ज केला नव्हता.

"कुणाचं नाव बघू, मावशी?"

"महांतप्पा रेवणप्पा," ती म्हणाली. सर्व्हे नंबर सांगावा तसं, एका दमात. बाजूच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

तलाठ्याने वरून खालपर्यंत बोट फिरवलं. "नाही, मावशी. हे नाव यादीत नाही."

ती हलली नाही.

"नाही म्हणतो ना. वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या खेपेला अर्ज करा, मिळेल."

"पुन्यांदा बग बाबा," महादेवी म्हणाली. "खाली बारीक काय लिवलंय, त्यातबी बग. न्हाय ना? नक्की न्हाय?"

"नक्की नाही."

"बरं," ती म्हणाली. फडकं सारखं केलं आणि नळदुर्गच्या वाटेला लागली. त्यानंतरही ज्या ज्या वेळी त्या भिंतीला कागद लागला, त्या त्या वेळी ती येऊन ते नाव घेऊन गेली.